पोरांना नेट द्या, पण एकटं सोडू नका

मागच्या दिवाळीत माझ्या मुलाने अंगणात राजगड केला. सातवीत आहे तो. दरवर्षी किल्ला म्हणजे विटांचा ढीग, त्यावर गोणपाट, वरून लाल माती, कडेला अळीव पेरायचे आणि टोकावर महाराज बसवायचे, एवढंच असायचं, पण यावेळी त्याच्या डोक्यात बसलं होतं की संजीवनी माची खरी कशी आहे तशीच करायची. मग माझा मोबाईल घेतला, सॅटेलाईट नकाशावर राजगड शोधला, वरून ती माची लांब शेपटीसारखी वळलेली दिसते ते कागदावर उतरवलं, आणि मग कुणा ट्रेकरचे व्हिडिओ लावून दर दोन मिनिटांनी थांबवून तटबंदी बघत बसला. संध्याकाळी चिखलाने बरबटलेल्या हातांनी मला ओढत बाहेर नेलं आणि म्हणाला, "आई बघ, इथे भिंत एक नाहीये, दोन आहेत, मधून माणूस चालतो, आणि बुरुजाच्या बाहेर अजून एक बुरूज आहे." चिलखती बुरूज. मी कॉलेजात असताना राजगडावर जाऊन आलेय, संजीवनीवर उभं राहून फोटो काढलेत, पण हे मला तेव्हा कुणी दाखवलं नव्हतं आणि मी पण बघितलं नव्हतं, ते माझ्या बारा वर्षांच्या पोराने पुठ्ठ्याच्या भिंतीतून दाखवलं.

दोनच दिवसांनी पाऊस आला. किल्ल्यावर प्लॅस्टिक टाकून पोरगं घरात आलं, मी फराळाच्या डब्यांत आणि पाहुण्यांत गुंतलेली, तोच मोबाईल परत त्याच्या हातात. दीड तास. बोलणं नाही, हालचाल नाही, मान खाली आणि अंगठा तेवढा चालू. मी फोन घेतला तर चिडला, म्हणजे खरंच चिडला, डोळे लाल, माझा हात झटकला त्याने. रात्री तो झोपल्यावर मी हिस्ट्री उघडली आणि एकेक बघत गेले. सुरुवात किल्ल्यापासूनच झाली होती. मग गडावर भांडणाऱ्या दोन गटांचा व्हिडिओ, मग तलवार घेऊन नाचणारी पोरं, मग इतिहासाच्या नावाखाली कुणाला तरी शिव्या देणारा एक माणूस, मग गेम, मग तिखट चिप्स खाऊन रडणारा मुलगा, मग बायकोला घाबरवायचे प्रँक, आणि मग अशा दोन-तीन गोष्टी ज्या बारा वर्षांच्या मुलाने बघाव्यात असं कुठल्याच आईला वाटणार नाही. सकाळी त्याला जवळ घेऊन विचारलं, काल काय काय बघितलंस रे? त्याला एकही धड सांगता आला नाही. संजीवनी माचीचे बुरूज मात्र अजूनही सांगतो.

तेव्हापासून "मुलांना इंटरनेट द्यावं का नाही" असा विषय कुठे निघाला की मला हे दोन दिवस आठवतात, कारण घर तेच होतं, फोन तोच होता, पोरगं तेच होतं. पहिल्या दिवशी तो प्रश्न घेऊन गेला होता, उत्तर मिळालं आणि उठून मातीत हात घातले. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे प्रश्नच नव्हता, समोरून जे येईल ते तो बघत गेला आणि समोरून येणं संपतच नाही. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे, मुलांना इंटरनेट द्यायलाच हवं, न देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, पण ही जी न संपणारी फीड आहे, म्हणजे रील्स, शॉर्ट्ससारखं न शोधता एकामागून एक समोर येत राहणारं, ती सोळा वर्षांपर्यंत देऊ नये, आणि इंटरनेट दिलं तरी घरातल्या माणसांच्या देखत द्यावं, एकटं सोडून देऊ नये. इंटरनेट आणि फीड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच शब्दात कोंबतो, म्हणून वाद मिटत नाही.

फीड म्हणजे काय हे आधी नीट समजून घ्यायला पाहिजे कारण बरेच पालक म्हणतात की आम्ही पण लहानपणी टीव्ही बघायचो, काय झालं आम्हाला. टीव्हीवरचा कार्यक्रम संपायचा. पूर्वी वेबसाईटवर सुद्धा पान संपायचं आणि पुढे जायला बटण दाबावं लागायचं, त्या एका सेकंदात माणसाच्या डोक्यात यायचं की बास आता, जेवायला जाऊ. २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या डिझायनरने खाली जाल तसं आपोआप पुढचं येत राहील अशी रचना केली, आणि पुढे त्यानेच जाहीरपणे त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. म्हणजे ज्याने दार काढून टाकलं तोच म्हणतोय की दार असायला हवं होतं. आपल्याकडे २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा पालकांना वाटलं सुटलो, पण पंधरा दिवसांच्या आत इंस्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स, ते पण जगात सगळ्यात आधी भारतात. अ‍ॅप गेलं, रचना तीच राहिली. आणि त्या वेळी शाळा बंद होत्या, अभ्यासासाठी म्हणून प्रत्येक घरात पोरांच्या हातात फोन नुकताच दिलेला होता. हे सगळं एकाच वर्षात जमून आलं आणि आपल्या मुलांची ती दोन वर्षं त्यात गेली, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

अगदी लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही असं माझं मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ पण साधारण हेच सांगतात. चिऊचा घास काऊचा घास करत भरवायला वेळ लागतो हे मला माहितीये, आणि घरात एकटी बाई असेल, कुकर लावायचाय, सासऱ्यांना औषध द्यायचंय, तर ती मोबाईल समोर ठेवून घास भरवणारच, तिला कुणी बोल लावू नये. पण मग घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उठून तो घास भरवावा ना. बाबांचे हात पण असतात की.

खरा वाद आहे तो दहा-अकरा ते सतरा या वयाचा. आमच्याकडे पालकांचे दोन गट आहेत, एक म्हणतो अठरा वर्षांपर्यंत मोबाईलला हात लावू देऊ नका, दुसरा म्हणतो जग कुठे चाललंय बघा, अडवून काय होणार. पहिल्या गटाची काळजी शंभर टक्के खरी आहे. पण त्यांना मी विचारते की मग मुलांनी कामं कशी करायची? २०२५ पासून सगळ्या महाराष्ट्राचा अकरावीचा प्रवेश ऑनलाईन झालाय, खेड्यातल्या कॉलेजला जायचं असलं तरी पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. सीईटीचा फॉर्म ऑनलाईन, स्कॉलरशिपचा अर्ज महाडीबीटीवर. दहावी झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीकडून सरकार ही अपेक्षा धरतंय आणि आपण म्हणायचं की तिने अठरापर्यंत नेट बघू नये, तर मग तिने काय दरवेळी नेट कॅफेवाल्याच्या हातात आपला आधार नंबर, आईचा ओटीपी आणि पासवर्ड देऊन बसायचं? आमच्या कराडात जूनमध्ये कॅफेसमोर रांगा लागतात, बाजूच्या गावांतून एसटीने आलेल्या पोरी असतात, पुष्कळ जणींचा पासवर्ड कॅफेवाल्याने स्वतःच ठरवून वहीत लिहून ठेवलेला असतो. यात कसली आलीये सुरक्षितता?

आणि शिकण्याचं म्हणाल तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकात क्यूआर कोड लावले, ती कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राईज मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. तो कोड स्कॅन करायला फोन आणि नेट लागतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. मराठी विश्वकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून ज्याचं काम उभं केलं, त्याचे वीस खंड आमच्या गावच्या वाचनालयात मी कधी पूर्ण बघितले नाहीत, आठ-नऊ होते, ते पण कुलपात, आणि आज तो सगळा विश्वकोश नेटवर उघडा पडलाय. कुठल्याही वाडीवरचं पोरगं 'धूमकेतू' शोधून मराठीत वाचू शकतं. लॉकडाऊनमध्ये कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावची एक मुलगी, पशुवैद्यकीयचं शिक्षण घेणारी, घरात रेंज नव्हती म्हणून डोंगरावर झोपडी बांधून भर पावसाळ्यात तिथे बसून लेक्चर करायची. तिचे फोटो तेव्हा सगळीकडे आले होते. नेट म्हणजे फक्त टाईमपास असं म्हणणाऱ्यांनी त्या झोपडीचा एकदा विचार करावा.

पण दुसऱ्या गटाला पण मी सोडणार नाही, कारण फोन हातात दिला म्हणजे मुलं आपोआप शिकतात हे साफ खोटं आहे. प्रथम संस्थेचा असर अहवाल येतो, ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीचा, त्याच्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं आलं. त्यांना विचारलं की गेल्या आठवड्यात फोन कशाला वापरला, तर ५७ टक्के म्हणाले काहीतरी अभ्यासासाठी आणि ७६ टक्के म्हणाले सोशल मीडियासाठी. हे खेड्यातले आकडे आहेत, शहरातल्या श्रीमंत घरातले नाहीत. म्हणजे दोन्ही चालू आहे, अभ्यास पण आणि फीड पण, आणि फीड पुढे आहे. सोडून दिलं तर ती पुढेच राहणार, कारण ती पुढे राहावी म्हणून जगातली हुशार माणसं पगार घेऊन काम करतायत, आणि समोर आपलं सातवीतलं लेकरू एकटं.

याच अहवालातला अजून एक आकडा मला जास्त टोचतो. फोन वापरता येणाऱ्या या मुलांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आहेत आणि मुली २६.९ टक्के. म्हणून "मुलांना बंदी करा" असं जेव्हा गावात ठरतं तेव्हा मी लगेच विचारते की कुणाला बंदी? कारण मला माहितीये की मुलाचा फोन चार दिवसांनी त्याला परत मिळतो आणि मुलीचा मिळत नाही.

माझ्या भावाची मुलगी गेल्या वर्षी अकरावीत होती. नाव-गाव काही सांगत नाही. कुणीतरी तिचा डीपीवरचा फोटो घेऊन त्याचं घाणेरडं काहीतरी बनवलं आणि तिलाच पाठवलं, की व्हिडिओ कॉल कर नाहीतर गावातल्या ग्रुपवर टाकतो. सहा आठवडे पोरगी हे पोटात घेऊन फिरत होती. जेवण कमी झालं, वहिनीला वाटलं अभ्यासाचं टेन्शन असेल. माझ्याकडे चार दिवस राहायला आली तेव्हा रात्री अंधारात, मी झोपले असेन असं समजून हळूच म्हणाली, "आत्या, जागी आहेस?" आणि मग सगळं सांगितलं. मी म्हटलं अगं आधी का नाही बोललीस, तर पहिलं वाक्य काय असावं तिचं, "पप्पांना नको सांगू ना आत्या, फोन काढून घेतील आणि कॉलेज पण बंद करतील." तिला त्या अनोळखी माणसापेक्षा स्वतःच्या बापाची भीती जास्त वाटत होती! माझा भाऊ वाईट माणूस नाहीये, पोरीवर जीव आहे त्याचा, पण घरात त्याने हजारदा म्हटलेलं होतं की असलं काही दिसलं तर फोन विहिरीत टाकीन. ते वाक्य तिने लक्षात ठेवलं होतं, आणि तिला धमकावणारा तो जो कोण होता ना, तो तिच्या या गप्प राहण्यावरच जगत होता.

दुसऱ्या दिवशी मी भावाला बोलावून घेतलं, समोर बसवलं, आधी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की फोनला आणि कॉलेजला हात लावणार नाही, मगच सांगितलं. तो पाच मिनिटं काही बोललाच नाही. मग उठून पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. स्क्रीनशॉट होतेच, सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली, पोलीस ठाण्यात बाप स्वतः तिच्याबरोबर गेला आणि बाकावर शेजारी बसून राहिला. मेसेज थांबले. त्या माणसाचं पुढे काय झालं हा वेगळा विषय, पण आमच्या पोरीचं जेवण सुरू झालं. हे मी एवढं सविस्तर लिहितेय कारण ज्या घरात बंदी असते तिथे मुलं नेट वापरायची थांबत नाहीत, फक्त सांगायची थांबतात. मैत्रिणीच्या फोनवर अकाऊंट उघडतात, रात्री चादरीत बघतात, आणि काही झालं तर ज्याला सांगायचं तोच माणूस शिक्षा करणारा असतो. प्रत्येक घरात फ्रीजवर दोन नंबर लिहून ठेवा, सायबरसाठी १९३० आणि लहान मुलांसाठी १०९८, आणि मुलांच्या देखत लिहा, म्हणजे त्यांना कळेल की असं काही होऊ शकतं आणि झालं तर आपल्या घरात बोलता येतं.

फोनबंदीच्या याच विषयावर केरळ हायकोर्टाचा सप्टेंबर २०१९ चा एक निकाल आहे. कोळिकोडजवळच्या एका कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलमध्ये संध्याकाळी ६ ते १० फोन जमा करायचा नियम होता, एका मुलीने तो मानला नाही म्हणून तिला होस्टेलमधून काढलं, ती कोर्टात गेली, आणि कोर्टाने सांगितलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, तिला परत घ्या. ती सज्ञान होती, शाळकरी नव्हती, हा फरक मला मान्य आहे. तरी पण शिस्त म्हणून जो नियम आणला तो मुलींच्याच होस्टेलवर आला आणि अभ्यासाच्याच वेळेत आला, हे कुठेही घडतं तसंच घडलं.

आता गावांचं बघू, कारण महाराष्ट्रातल्या दोन गावांनी २०२२ मध्ये दोन वेगळे रस्ते धरले. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबरमध्ये ग्रामसभेत ठराव केला की अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदी. आणि सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने, हे आमच्यापासून फार लांब नाही, १५ ऑगस्टच्या सुमाराला ठरवलं की रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजणार आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही, मोबाईल सगळे बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. सुरुवातीला लोकांनी ऐकलं नाही, मग शिक्षक, आशाताई, अंगणवाडी ताई, ग्रामपंचायतीची माणसं घरोघर फिरली. मला वडगावचा रस्ता जास्त पटतो आणि त्याचं कारण एकच आहे, तिथे भोंगा मोठ्यांसाठी पण वाजतो. आईची मालिका बंद, बापाचा फोन बंद, आजोबांच्या बातम्या बंद. दीड तास सगळं गाव एका नियमात. पोराला कळतं की हे माझ्यावर लादलेलं नाही, घरात सगळेच पाळतायत. आणि साडेआठनंतर फोन परत चालू होतो, म्हणजे त्याला चोरी करायची गरज पडत नाही.

कायद्याचं काय, असं लोक विचारतात. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर अकाऊंट ठेवता येत नाही. मला त्यात एक गोष्ट फार आवडली, दंड मुलांना नाही, आईबापांना नाही, कंपनीला आहे, जास्तीत जास्त ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. आपल्याकडे दंडाची भाषा निघाली की पहिल्यांदा पालकांवर येते. आणि नीट बघा, ऑस्ट्रेलियाने इंटरनेट बंद केलेलं नाही, अकाऊंट बंद केलंय. पोरगं अकाऊंटशिवाय यूट्यूबवर गणिताचा व्हिडिओ शोधून बघू शकतं. म्हणजे मी जो फरक म्हणतेय त्याच्या जवळ जाणारा फरक तिथे कायद्याने केलाय.

आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल, त्याची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती लागणार, मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला बंदी. वाचायला खूप चांगलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तेव्हापासून दीड वर्षाची मुदत दिली. पण मला यात जी अडचण दिसते ती आपल्या घरांची आहे. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात मुलाचा स्वतःचा फोन, स्वतःचं अकाऊंट असतं. आपल्याकडे पुष्कळ घरांत एक फोन चार जणांत असतो आणि अकाऊंट बाबांचं असतं. कंपनीच्या हिशोबात तो फोन बघणारा माणूस बेचाळीस वर्षांचा पुरुष आहे. मग मुलांसाठी केलेली कुठलीही सोय, किशोरवयीन मुलांसाठीचं वेगळं टीन अकाऊंट म्हणा, वयाची अट म्हणा, त्या पोरापर्यंत पोचतच नाही. उलट बाबांनी रात्री अकरा वाजता जे बघितलं त्याच्यासारखंच सकाळी सात वाजता पोराच्या पुढ्यात येतं. माझ्या मुलाच्या त्या दीड तासात जे दोन-तीन घाण व्हिडिओ आले ते त्याने शोधले नव्हते, सर्च हिस्ट्रीत तसं काही नव्हतंच. आपण मोठे आपल्या फोनवर काय बघतो ते आपल्याच मुलांच्या ताटात पडतंय, हे मला त्या रात्री कळलं आणि मी हादरले.

आणि ती तेराची अट, जी सगळी अ‍ॅप्स सांगतात, ती कुठून आली माहितीये का? अमेरिकेत १९९८ मध्ये कायदा झाला की तेराच्या आतल्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय घ्यायची नाही. तेव्हापासून कंपन्यांनी लिहून टाकलं, आमच्याकडे तेरा पूर्ण हवेत. त्याचा मुलांच्या मनाशी, मेंदूशी, तयारीशी काही संबंध नाही, तो माहिती गोळा करण्याचा कायदा होता, आणि रील्स, शॉर्ट्स यायच्या वीस वर्षं आधीचा. आपण पालक मात्र "तेरा झाले ना, मग चालतंय" म्हणून मोकळे होतो, आणि काही तर स्वतःच जन्मतारीख खोटी टाकून अकाऊंट काढून देतात. ते करू नका, हात जोडून सांगते. खोटी तारीख टाकली की त्या दिवसापासून तुमचं मूल त्या मशीनसाठी मोठा माणूस झालं.

आमच्या घरी आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर बघा. मुलाचं वेगळं अकाऊंट काढलं, खऱ्या जन्मतारखेचं, आणि आमच्या अकाऊंटला जोडून घेतलं, फोनमध्ये ती सोय असते. आमच्या दोघांच्या फोनवर यूट्यूबची वॉच हिस्ट्री बंद केली, ती बंद केली की पहिलं पान रिकामं राहतं, शोधल्याशिवाय तिथे काही सुचवलं जात नाही. ऑटोप्ले बंद, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. इंस्टाग्राम मुलाला नाही, सोळापर्यंत नाही, हे त्याला कारणासकट सांगितलं, तो रडला, दोन आठवडे धुसफूस केली, मित्रांकडे आहे म्हणाला, आणि ते खरंच आहे, मला त्याचं वाईट पण वाटलं. नेट वापरायचं ते हॉलमध्ये, जिथे येता-जाता स्क्रीन दिसते. मी मागे उभं राहून हेरगिरी करत नाही पण मी तिथे आहे हे त्याला माहिती असतं. रात्री साडेनऊला सगळ्यांचे फोन हॉलमधल्या एकाच प्लगवर, ह्यांचा पण, ह्यांना सगळ्यात जड गेलं. आणि रोज जेवताना त्याने एक गोष्ट सांगायची, आज नेटवर काय शोधलं. कधी सांगतो, कधी सांगत नाही. परवा सांगितलं की सिंधुदुर्ग किल्ला समुद्रात आहे तरी आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, आणि मग आम्ही तिघं जेवण सोडून ते गोडं पाणी कुठून येत असेल यावर बोलत बसलो.

हे सगळं मला जमतंय कारण मी दुपारी तीनला घरी येते. ज्या घरात आई-बाप दोघं रोजंदारीवर जातात, ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर असतात, मुलं आजीकडे, आजीला फोन वाचता येत नाही, त्यांना मी हॉलमध्ये बसवा कसं सांगू? तिथे हे काम शाळेनेच घ्यायला पाहिजे. आणि आमच्या मुलाच्या शाळेत काय चाललंय? एकीकडे पालकसभेत सर मोबाईलच्या दुष्परिणामांवर भाषण करतात, दुसरीकडे रात्री आठ वाजता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उद्याचा गृहपाठ फोटो काढून टाकतात. म्हणजे पोराला फोन मागायला कारण शाळाच देते, आणि गृहपाठाचा फोटो बघायला उघडलेला फोन एका तासाने खाली ठेवला जातो. आणि शाळेत कॉम्प्युटरची खोली आहे, वीस कॉम्प्युटर आहेत, मी स्वतः खिडकीतून मोजलेत, त्यावर कापडी कव्हरं घातलेली, धूळ बसलेली, तपासणी असली की खोली उघडते.

येत्या शनिवारी पालकसभा आहे. मी दोन गोष्टी लेखी देणार आहे, सात-आठ पालकांच्या सह्या झाल्यात, अजून घेतेय. एक म्हणजे गृहपाठ फळ्यावर लिहा आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावा, ग्रुपवर टाकू नका. दुसरं, ती खोली उघडा. मंगळवार आणि शुक्रवार, शाळा सुटल्यावर एक तास, पाचवी ते दहावी, ज्याला जे शोधायचंय ते त्याने एका चिठ्ठीवर लिहून आणायचं आणि ते शोधायचं. शिक्षकांना आधीच खूप कामं आहेत हे मला मान्य आहे, म्हणून त्या दोन्ही दिवशी मी येऊन बसेन असं पण अर्जात लिहिलंय, आणि अजून दोघी तयार आहेत, एक त्यातली बँकेतून रिटायर झालेली आजी आहे.